छत्रीसैनिकांबरोबरचा कॅमेरा

(मीरा-भाईंदर येथे शिक्षक व ग्रंथालय कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मीरा-भाईंदरच्या रहिवाशांना कॅमेऱ्याचे अप्रूप नाही. घोडबंदर रस्त्याच्या परिसरातील स्टुडिओंमध्ये चित्रपटांचे व दूरचित्रवाणी मालिकांचे चित्रीकरण होत असते. तेथे एखादे दृश्य बिघडले तर ते पुन्हा घेता येते, प्रकाश अपुरा पडला तर तो निर्माण करता येतो आणि नट थकला तर काम उद्यावर ढकलता येते. परंतु ज्याच्या वाट्याला यांपैकी कोणतीही सवलत येत नाही, असाही एक कॅमेरामन असतो. विमानातून हवाई छत्रीने उडी घेणाऱ्या सैनिकांबरोबर शत्रूच्या मुलखात उतरणारा लष्करी कॅमेरामन हा तो होय. त्याचे काम, त्याने मागे ठेवलेला ठेवा आणि त्या ठेव्याची विश्वासार्हता हा या व्याख्यानाचा विषय आहे.

छत्रीसैनिकांची परंपरा

भारतात छत्रीसैनिकांच्या दलाचा प्रारंभ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली झाला. त्या वर्षी दिल्ली येथे ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडची उभारणी झाली. १ मे १९४५ रोजी रंगूनच्या दक्षिणेस एलिफंट पॉइंट येथे गुरखा छत्रीसैनिकांनी उड्या घेतल्या आणि रंगूनकडे जाणारा जलमार्ग मोकळा होण्यास मोठे साहाय्य झाले. महाराष्ट्राला या परंपरेविषयी विशेष जिव्हाळा वाटावा असे कारण आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण स्वातंत्र्याच्या सुमारास छत्रीदलात आली. १९४७-४८ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रणभूमीवर ती लढली, आणि १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटची स्थापना झाली तेव्हा ती तिची दुसरी पलटण झाली. ‘दोन पॅरा (मराठा)’ या नावाने ओळखली जाणारी पलटण ती हीच.

छत्रीसैनिकाचे काम कठीण असते. तो रसद व जड तोफा मागे ठेवून, अंगावर वाहता येईल तेवढ्याच सामग्रीनिशी शत्रूच्या पिछाडीला उतरतो. मागून येणारे मुख्य सैन्य येऊन मिळेपर्यंत त्याला एकाकी झुंज द्यावी लागते. अशा तुकडीबरोबर जाणाऱ्या कॅमेरामनलाही हेच सारे भोगावे लागते. मात्र इतरांच्या हातात शस्त्र असते त्या क्षणी त्याच्या हातात कॅमेरा असतो.

कॅमेरामनची कार्यपद्धती

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये ‘आर्मी फिल्म अँड फोटोग्राफिक युनिट’ हे स्वतंत्र पथक स्थापन केले. लंडनजवळच्या पाइनवुड या चित्रपट-स्टुडिओत त्याचे प्रशिक्षण केंद्र होते. पथकातील बहुतेक कॅमेरामन सैनिकांमधूनच निवडलेले असून सार्जंटच्या हुद्द्यावर काम करीत. प्रथम सैनिक आणि मग कॅमेरामन, हे या पथकाचे सूत्र होते.

त्यांची साधने आजच्या मानाने अगदी साधी होती. चलच्चित्रणाचा कॅमेरा घड्याळाप्रमाणे किल्ली देऊन चालविला जाई. त्यात १०० फूट लांबीचे, ३५ मिलिमीटर रुंदीचे रीळ बसे. नेहमीच्या गतीने ते रीळ एका मिनिटाहून थोड्याच अधिक वेळात संपे. ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. त्यामुळे या फिल्मवर आढळणाऱ्या तोफांच्या गडगडाटाचा आवाज बहुधा नंतर जोडलेला असतो. एवढ्या अल्प फिल्ममध्ये काय टिपावयाचे आणि काय सोडावयाचे, हा निर्णय गोळीबाराच्या छायेत घ्यावा लागे.

या साऱ्याइतकेच महत्त्वाचे असे आणखी एक काम त्याच्यावर सोपविलेले असे. प्रत्येक रिळाबरोबर त्याला एक नोंदपत्र भरून पाठवावे लागे. कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, कोणत्या तुकडीचे, कोणते दृश्य टिपले आणि ते कोणी टिपले, याची नोंद त्यात असे. खंदकात बसून, थकल्या हातांनी लिहिलेली ही नोंदपत्रे दिसावयास क्षुल्लक आहेत. परंतु पुढील काळात त्या चित्रांना जे मोल आले, ते या कागदांमुळेच आले.

आर्नहेमचे तीन सार्जंट

१७ सप्टेंबर १९४४ रोजी हॉलंडमधील आर्नहेम येथील ऱ्हाईन नदीवरचा पूल हस्तगत करण्यासाठी ब्रिटिशांची पहिली हवाई डिव्हिजन त्या परिसरात उतरू लागली. तिच्याबरोबर या पथकाचे तीन सार्जंट होते. डेनिस स्मिथ हे स्थिरचित्रे घेत. गॉर्डन वॉकर आणि माइक लुईस हे चलच्चित्रण करीत. यांपैकी लुईस हे मूळचे छत्रीसैनिक. उत्तर आफ्रिकेतील लढाईत भाग घेऊन ते या पथकात आले होते. त्यामुळे आकाशातून उतरणाऱ्या सैनिकाच्या मनात काय चालते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

मोहिमेचे गणित चुकले. मागून येणारे सैन्य वेळेवर पोहोचू शकले नाही. पुलापर्यंत गेलेली तुकडी एकाकी पडली आणि उरलेले सैन्य ओस्टरबेक या गावाच्या परिसरात वेढले गेले. नऊ दिवस हा संग्राम चालला. २५ सप्टेंबरच्या रात्री उरलेल्या सैनिकांना पावसात आणि अंधारात नदी ओलांडून मागे आणण्यात आले. सुमारे १०,००० जण उतरले होते. त्यांपैकी अडीच हजारांहूनही कमी परतले. हे तिघे कॅमेरामन त्यांत होते. आर्नहेमच्या वेढ्याचे जे दर्शन आज जगाला घडते, ते प्रामुख्याने या तिघांच्या चित्रांतून. परतल्यावर त्या तिघांचे एकत्र असे एक छायाचित्र घेण्यात आले. इतरांची चित्रे टिपणारे हात त्या एका चित्रात स्वतः दिसतात, म्हणून त्याचे मोल वेगळे आहे.

पराभवाचे चित्रण हे या ठेव्याचे वैशिष्ट्य मानावे लागेल. विजयी सेना आपल्या विजयाची चित्रे जपते यात नवल नाही. परंतु थकलेले चेहरे, ढासळलेली घरे, खंदकातील जखमी यांचेही यथातथ्य दर्शन जपले गेले, म्हणूनच पुढील पिढ्यांना त्या मोहिमेचा विचार करता आला.

चित्र जेव्हा पुरावा होते

सात महिन्यांनंतर, १५ एप्रिल १९४५ रोजी जर्मनीतील बर्गेन-बेल्सन ही छळछावणी ब्रिटिश सैन्याच्या हाती आली. तेथे चित्रण करण्यासाठी गेलेल्या कॅमेरामनांमध्ये माइक लुईस होते. ते स्वतः ज्यू कुटुंबातील होते. तेथे हजारो प्रेते उघड्यावर पडलेली होती. उद्या कोणी ‘असे घडलेच नाही’ असे म्हणू नये, एवढ्यासाठी तेथील चित्रण विस्ताराने करण्यात आले. त्याच वर्षी लूनेबुर्ग येथे त्या छावणीच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला, तेव्हा हे चित्रण न्यायालयात दाखविण्यात आले. लष्करी कॅमेरामनचे रीळ अशा रीतीने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. स्थळ, काळ आणि टिपणाऱ्याचे नाव यांची नोंद नसती, तर त्या साक्षीचे वजन निश्चितच घटले असते.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आर्नहेमच्याच संदर्भात मिळते. १९४६ साली ‘देअर्स इज द ग्लोरी’ हा चित्रपट पडद्यावर आला. आर्नहेम व ओस्टरबेक येथील खऱ्या भग्नावशेषांत, त्या लढाईत प्रत्यक्ष लढलेल्या सैनिकांनाच घेऊन तो चित्रित झाला. मूळ युद्धचित्रणाचे काही तुकडेही त्यात जोडण्यात आले. हा उपक्रम प्रामाणिक होता. तथापि त्यातील एखादे दृश्य चित्रओळीविना सुटे काढले, तर ते १९४४ मधील खरे चित्रण की १९४५ मधील पुनर्निर्मिती, हे सामान्य प्रेक्षकाने ओळखावे तरी कसे? डोळ्यांना दोन्ही सारखीच. त्यांतील भेद सांगते ती केवळ नोंद.

टांगाइल आणि एक छायाचित्र

आता आपल्या देशाकडे वळू. ११ डिसेंबर १९७१ रोजी, दिवस मावळतीकडे झुकला असता, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील टांगाइलजवळ ‘दोन पॅरा (मराठा)’ पलटणीचा गट हवाई छत्र्यांनी उतरला. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू हे तिचे नेतृत्व करीत होते. लोहाजंग नदीवरील पुंगली पूल ताब्यात घेणे आणि मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडविणे, ही कामगिरी तिच्याकडे होती. अँटोनोव्ह, पॅकेट, कॅरिबू व डाकोटा जातींच्या विमानांनी हे जवान नेले. कादर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीच्या लोकांचे आणि स्थानिक जनतेचे साहाय्य मोलाचे ठरले. पूल त्याच दिवशी ताब्यात आला. १६ डिसेंबरच्या सकाळी ढाक्यात प्रवेश करणाऱ्या भारतीय सैन्यात हीच पलटण अग्रभागी होती. पन्नू यांना महावीरचक्र देऊन गौरविण्यात आले.

उतरलेल्यांची संख्या ७०० च्या आसपास होती. परंतु परदेशी वृत्तपत्रांतून मात्र सुमारे ५,००० छत्रीसैनिक, म्हणजे जणू एक संपूर्ण ब्रिगेड उतरल्याच्या वार्ता झळकल्या. या वार्तांबरोबर छापले गेलेले छायाचित्र आकाश छत्र्यांनी भरून गेल्याचे दाखविणारे होते. ते टांगाइलचे नव्हते. आग्रा येथे त्यापूर्वी झालेल्या छत्रीदलाच्या सरावाचे होते. ते जुने असल्याचा उल्लेख चित्राबरोबर गेला नव्हता. लष्कराचे त्या वेळचे जनसंपर्क अधिकारी आय. राममोहन राव यांनी पुढे ही हकीकत स्वतःच लिहून ठेवली.

त्या बातम्यांचा ढाक्यातील पाकिस्तानी सेनाधिकाऱ्यांच्या मनावर परिणाम झाला, असे मानले जाते. तो झालाही असेल. पण एका छायाचित्राने युद्ध जिंकले, असे म्हणणे पुंगली पुलावर रात्रभर लढलेल्या जवानांवर अन्याय करणारे ठरेल. ढाक्याभोवतीचा फास सर्व दिशांनी आवळत आला होता. नौदल, वायुदल आणि मुक्तिवाहिनी यांचा त्यात वाटा होता.

या प्रसंगातून काही जण ‘युद्धात सारे क्षम्य’ असा निष्कर्ष काढतील. तो अपुरा आहे. शत्रूच्या मनात संभ्रम उत्पन्न झाला असेल, तर त्या आठवड्यापुरता त्याचा लाभ झाला असेल. परंतु युद्ध संपल्यानंतर ते चित्र ज्यांच्या हाती येते ते शत्रू नव्हेत. ते आपलेच विद्यार्थी, आपलेच नागरिक असतात. टांगाइलचे म्हणून आग्ऱ्याचे चित्र पाठ्यपुस्तकात वा प्रदर्शनात लागले, तर टांगाइलच्या शेतात खरोखर उतरलेल्या मराठी जवानाचे स्थान एका सरावातील चित्राने घेतले, असे होईल. म्हणून राममोहन राव यांनी सत्य लिहून ठेवले, ही त्यांची दुसरी आणि अधिक टिकाऊ अशी सेवा होय. उशिरा का होईना, त्या चित्राला त्याची खरी नोंद मिळाली.

गावोगावचे कर्तव्य

हा विचार केवळ लष्करापुरता नाही. मीरा-भाईंदरचेच पाहा. काही दशकांपूर्वीपर्यंत मिठागरे, भातशेती आणि मासेमारी यांवर जगणारी ही गावे. १२ जून १९८५ रोजी येथील ग्रामपंचायती एकत्र येऊन नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या आठ लाखांहून अधिक भरली. एका पिढीत एवढे स्थित्यंतर झालेल्या ठिकाणी जुनी छायाचित्रे हाच पुष्कळदा एकमेव पुरावा उरतो. मिठागरावरील कामगारांचे, उत्तनच्या होड्यांचे, पहिल्या शाळेच्या पायाभरणीचे चित्र कोणाच्या तरी पेटीत पडून असेल. पण मागची बाजू कोरी असेल, तर ते ओळखणारी शेवटची व्यक्ती गेल्यावर ते मुके होईल.

या शहराने सैनिकही दिले आहेत. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे यांना ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरच्या गुरेझ क्षेत्रात घुसखोरांशी लढताना वीरमरण आले. त्यांची स्मृती ताजी आहे. परंतु १९६५ व १९७१ मध्ये लढलेले माजी सैनिक आता वार्धक्यात आहेत. राज्यातील गावोगावी असे वृद्ध जवान आहेत आणि त्यांच्यापाशी छायाचित्रे आहेत. त्यांच्याकडून त्या चित्रांची माहिती लिहून घेण्यास आता फार अवधी उरलेला नाही.

त्यासाठी मोठ्या निधीची वा योजनेची आवश्यकता नाही. लष्करी कॅमेरामनचे नोंदपत्र हाच नमुना पुरेसा आहे. कोठे, केव्हा, कोण, काय आणि टिपणारा कोण, या पाच गोष्टी मऊ पेन्सिलीने चित्राच्या मागे लिहाव्यात. तारीख निश्चित नसेल तर ‘सुमारे’ असे लिहावे; अंदाज हा अंदाज म्हणूनच नोंदवावा. प्रसंग पुन्हा घडवून घेतलेला असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे. चित्राची प्रत मोबाइलवर काढली, तर हीच माहिती प्रतीबरोबर जोडावी. शाळेने ही कामे सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घ्यावीत. ग्रामपंचायतीने आपल्या दप्तरात छायाचित्रांची एक वही ठेवावी. माजी सैनिकांचा शोध घेण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत मागावी.

आजच्या काळात या सवयीची गरज अधिकच वाढली आहे. १९७१ मध्ये एक जुने चित्र जगभर पोहोचण्यास वृत्तपत्रांची यंत्रणा लागली. आज ते काम एका बोटाने होते. तणावाच्या प्रसंगी दुसऱ्याच देशातील, दुसऱ्याच वर्षातील दृश्ये ‘आत्ताची’ म्हणून गावोगाव फिरतात आणि शेजाऱ्याविषयी शेजाऱ्याचे मन कलुषित करतात. चित्र पुढे पाठविण्यापूर्वी ‘हे कोठले, केव्हाचे, कोणी टिपलेले?’ एवढे तीन प्रश्न विचारण्याची सवय ज्या शाळेतील मुलांना लागली, त्या शाळेने नागरिकशास्त्राचा मोठा धडा शिकविला, असे म्हणता येईल.

ओस्टरबेकच्या खंदकात त्या तीन सार्जंटांना आपण जिवंत परतू याची खात्री नव्हती. तरीही रीळ संपल्यावर त्यांनी कागद घेतला आणि तारीख घातली. घरच्या छपराखाली, निवांतपणे बसून आपल्या गावच्या चित्रांसाठी तेवढे करणे कोणालाही अवघड नाही.