पडदे नसलेले वाद्य
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात एका वाद्याविषयी, आणि तेही दूरच्या चेन्नईत वाजणाऱ्या वाद्याविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु त्या वाद्याच्या पुनरुज्जीवनाशी एका मराठी घराण्याचा निकटचा संबंध आहे, आणि ते शिकण्याची रीत समजून घेतली म्हणजे शाळेने साठ वर्षे नेमके काय केले, याचाही काहीसा उलगडा होतो.

चेन्नईत मार्गशीर्ष-पौषाचे दिवस संगीताचे असतात. तमिळ लोक त्या महिन्याला मार्गळी म्हणतात. मैलापूर, त्यागरायनगर आणि आसपासच्या सभागृहांत सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली चालतात. 1928 साली स्थापन झालेल्या म्युझिक अकॅडमीचा वार्षिक महोत्सव याच काळात भरतो. महाराष्ट्रातून गेलेला एखादा रसिक अशा वेळी सभागृहात शिरला आणि व्यासपीठावर वीणेसारखे दिसणारे एक मोठे वाद्य त्याने पाहिले, तर प्रथम त्याला ती वीणाच वाटेल. तोच फणसाच्या लाकडाचा भोपळा, तीच लांब दांडी. परंतु वादकाची बोटे तारांवर पडत नाहीत. त्याच्या डाव्या हातात काळ्या लाकडाचा एक गुळगुळीत दंडगोल असतो, तो तारांवरून सरकत राहतो, आणि उजव्या हाताच्या नख्यांनी छेडलेल्या तारांतून स्वर निघतो तो थेट माणसाच्या गळ्यातून आल्यासारखा. जवळ जाऊन पाहावे तर दांडीवर एकही पडदा नाही. हेच गोटुवाद्य. आज त्याला चित्रवीणा असेही म्हणतात. ‘गोटु’ या शब्दाची व्युत्पत्ती निरनिराळ्या प्रकारे सांगितली जाते. मराठी कानाला मात्र त्यात आपला गुळगुळीत ‘गोटा’च ऐकू येतो.

या वाद्याला आज साधारणतः एकवीस तारा असतात. सहा तारा मुख्य वादनाच्या, तीन तारा बाजूला षड्ज-पंचमाचा आधार आणि ताल देणाऱ्या, आणि उरलेल्या बारा तारा मुख्य तारांच्या खाली लपलेल्या. या बारा तारांना वादनाच्या ओघात कोणी स्पर्श करीत नाही. वरची तार एखाद्या स्वरावर अचूक स्थिरावली की त्याच स्वरात मिळवलेली खालची तार आपोआप निनादू लागते. हिंदुस्थानी संगीतात त्यांना तरफेच्या तारा म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील सोनोमीटर ज्यांना आठवत असेल, त्यांना हे सहज समजेल. तारेवर कागदाचा चिमुकला तुकडा घोडेस्वारासारखा बसवायचा, नादकाटा वाजवून त्याची दांडी सोनोमीटरच्या पेटीवर टेकवायची, आणि दोघांची कंप्रता जुळली की कागद उडून पडायचा. पुस्तकात त्याला अनुस्पंदन म्हटले होते. स्वर किंचित जरी चुकला, तरी कागद जागचा फारसा हलत नसे.

न दाबता वाजणाऱ्या जादा तारांचे हे आकर्षण केवळ भारताचे नाही. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी हार्प गिटार नावाचे वाद्य लोकप्रिय होते. नेहमीच्या गिटारच्या सहा तारांशेजारी मोकळ्या, मुख्यतः खर्जाच्या तारांची आणखी एक रांग त्यात असते. पुढे ते जवळजवळ विस्मृतीत गेले, आणि मायकेल हेजेस यांच्यासारख्या वादकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला पुन्हा ऐकणारे मिळवून दिले. आपल्याकडे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली आणि 1994 मध्ये तिला ग्रॅमी पुरस्काराचा मान लाभला. वाद्ये अशीच जन्मतात, मागे पडतात, आणि कोणीतरी हट्टाने शिकला म्हणून परत येतात.

तारेवर एखादी वस्तू सरकवून स्वर काढण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा लेखी पुरावा महाराष्ट्राच्या भूमीत लिहिला गेला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. एकच तार, पडदा नाही, आणि डाव्या हातात बांबूची एक लहान कांब, जिला तो कम्रिका म्हणतो. देवगिरीचा किल्ला पाहायला जाणाऱ्या सहलींत तोफा आणि अंधारी वाट यांची माहिती नेहमी दिली जाते. या ग्रंथाचे नाव फारसे कोणी सांगत नाही.

तेथून तंजावरला यावे लागते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या काळात चोवीस अचल पडद्यांची वीणा रूढ झाली, असे मानले जाते. प्रत्येक स्वराची जागा ठरली, मेणात पडदे पक्के बसले. त्याच शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तेथे मराठी राज्याची स्थापना केली आणि 1855 पर्यंत ती गादी चालली. तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, तर दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. मराठी कीर्तन तेथे पोहोचले, आणि एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांनी साकी, दिंडी, ओवी, अभंग यांना दाक्षिणात्य हरिकथेत मानाचे स्थान दिले. 1798 मध्ये गादीवरून दूर झालेले अमरसिंह कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूर या तीर्थक्षेत्री राहू लागले. त्यांच्या वंशजांच्या आश्रयाने त्या लहान गावात कर्नाटक आणि हिंदुस्थानी अशा दोन्ही परंपरांचे गायक एकत्र नांदले. पडदे नसलेले वाद्य पुन्हा डोके वर काढते, ते याच गावात.

तिरुविडैमरुदूरचे श्रीनिवासराव हे तारेवर दंडगोल सरकवून वाजवण्याचे प्रयोग करीत असत, असे परंपरा सांगते. त्यांचे पुत्र सखारामराव. त्यांनी हे वाद्य मैफलीच्या व्यासपीठावर आणले आणि ‘गोटुवाद्यम्’ हे नावही त्यांच्यामुळेच रूढ झाले, असे मानले जाते. तमिळ देशी त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. महाराष्ट्रात ते फारसे कोणाच्या कानावर पडलेले नाही.

हे वाद्य शिकणे म्हणजे काय, हे एका साध्या हिशेबाने लक्षात येईल. 80 सेंटिमीटर लांबीची तार घेतली, तर तिच्या षड्जापासून कोमल ऋषभ साधारण 5 सेंटिमीटरवर येतो, पंचम सुमारे 27 सेंटिमीटरवर आणि तार षड्ज बरोबर मध्यावर, 40 सेंटिमीटरवर. त्या तार षड्जापुढचा कोमल ऋषभ मात्र अवघ्या अडीच सेंटिमीटरवर असतो. म्हणजे वर जावे तसतशी स्वरांमधली अंतरे आक्रसत जातात. वीणेवर हे सारे पडद्यांनी सांभाळलेले असते. विद्यार्थ्याचे बोट थोडे मागेपुढे पडले तरी पडदा त्याला सावरून घेतो. गोटुवाद्यावर सावरणारे काहीच नसते. दंडगोल केसभर सरकला की स्वर बेसूर. डोळ्यांनी जागा पाहून ठेवावी, तर मान कललेली असल्याने नजर फसवते. जोर दिला तर तार खाली दबून करकरते, हात सैल सोडला तर ती झणझणते. आरंभी सरळी वरिसैचे पाठ, म्हणजे स्वरांचे साधे आरोह-अवरोह, मायामाळवगौळ रागात घोटायचे. आपल्या भैरवाचेच हे स्वर. दक्षिणेतली मुले विठ्ठलभक्त पुरंदरदासांनी घालून दिलेल्या या क्रमाने आजही शिकतात. परंतु ते पाठ आधी गळ्यातून यावे लागतात. जो स्वर मनात स्पष्ट नाही, तो हाताला सापडत नाही. म्हणून या वाद्याचा विद्यार्थी कित्येक महिने वस्तुतः ऐकण्याचाच अभ्यास करीत असतो, आणि घरच्या मंडळींना मात्र तो रडतखडत तेच तेच वाजवतो आहे असे वाटते.

सखारामरावांच्या शिष्यांत एक मुलगा होता. 1908 साली जन्मलेला, प्रख्यात व्हायोलिनवादक तिरुक्कोडिकावल कृष्ण अय्यर यांचा भाचा. संगीत घरात होते, पण त्याचा आवाज निसर्गतः गोड नव्हता. ज्या घरात मामाच्या हातातली कला साऱ्या प्रांतात गाजलेली, त्या घरातील मुलाला ही उणीव किती बोचली असेल, याची कल्पना करता येते. हा मुलगा सखारामरावांकडे शिकला. गळ्याचा गोडवा गुरूला देता येत नाही. परंतु दोन स्वरांमधली वाट कशी असते, गमक कोठून उठते आणि कोठे विसावते, हे ज्या वाद्यावर सर्वांत उघडपणे ऐकू येते, त्या वाद्याच्या सहवासात त्याचे आरंभीचे शिक्षण झाले. पुढे इतर गुरूही लाभले आणि अखंड मेहनत झाली. तोच मुलगा सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर या नावाने कर्नाटक संगीताचा पितामह ठरला. 1947 मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांना म्युझिक अकॅडमीने ‘संगीत कलानिधी’ हा सन्मान दिला; 1990 मध्ये ते पद्मविभूषण झाले, आणि पंचाण्णव वर्षांचे आयुष्य लाभून 2003 मध्ये चेन्नईत निवर्तले. त्यांच्या चरित्रात सखारामराव हे नाव आरंभीच्या पानांवर येते. शिक्षकाचे नाव बहुधा तेथेच येते.

वाद्याचा पुढचा प्रवास इतरांनी केला. बुदलूर कृष्णमूर्ती शास्त्री यांनी ते वाजवले आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1936 मध्ये चेन्नईत स्थापन केलेल्या कलाक्षेत्रात विद्यार्थी घडवले. म्हैसूर दरबारचे विद्वान नारायण अय्यंगार यांनी 1959 पर्यंतच्या आपल्या आयुष्यात ते देशभर नेले. तरफेच्या बारा तारांची जोड देण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. त्यांच्या पुढील पिढ्यांनीही ते हाती घेतले. तरीही गोटुवाद्य वाजवणारे आज थोडेच आहेत. चेन्नईच्या रसिकांनी व्हायोलिन, मँडोलिन आणि सॅक्सोफोनसुद्धा आपलेसे केले. परंतु ज्याचे फळ उशिरा मिळते, त्याकडे वळणारे विद्यार्थी सर्वत्र कमीच असतात. हे वाद्य कोणत्याही एका पिढीत संपू शकले असते. ते संपले नाही, कारण प्रत्येक पिढीत कोणीतरी एक शिकवणारा होता आणि कोणीतरी एक शिकणारा होता.

आता आपल्या भाषेकडे वळू. तंजावरच्या मराठी कुटुंबांनी तीनशे वर्षांहून अधिक काळ घरात मराठी जपली. बाहेर तमिळ, शाळेत तमिळ किंवा इंग्रजी, आणि घरात आईच्या तोंडून ऐकलेली मराठी. केवळ कानाच्या बळावर एखादी भाषा इतकी दूर, इतका काळ टिकावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु त्याच तंजावरच्या सरस्वती महालात मोडी लिपीतील कागदपत्रांची शेकडो रुमाले आहेत, आणि ती वाचू शकणारी माणसे मोजकी उरली आहेत. कानाने बोली राखली, पण वाचन शिकवणारी शाळा नसल्याने आजोबा-पणजोबांचे अक्षर नातवंडांना परके झाले. आज चेन्नईतच नव्हे, पुण्या-मुंबईतील मराठी घरांतही हेच घडू लागले आहे. मुले आजीशी मराठी बोलतात; आजीचे पत्र मात्र त्यांना वाचता येत नाही.

आपल्या मुलाला मराठी शाळेत घालताना पालकांना नातेवाईक विचारतात, ‘पुढे याचा उपयोग काय?’ हा प्रश्न सखारामरावांच्या घरीही कोणी ना कोणी विचारला असेल. ठरलेल्या जागी पडदे बसवलेली सोपी वीणा असताना हा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर एका वर्षात देता येत नाही, प्रगतिपुस्तकातही मांडता येत नाही. ज्या मुलाचा कान आपल्या भाषेत तयार झाला, त्याला पुढे दुसरी भाषा, दुसरे शास्त्र शिकताना पडद्यांचा आधार कमी लागतो. स्वर कोठे आहे हे त्याचे त्याला कळते.

शाळेच्या साठ वर्षांत शेकडो मुले वर्गात बसून निघून गेली. शिक्षकांनी ज्या तारा छेडल्या त्या वरच्या, सर्वांना दिसणाऱ्या: गणित, विज्ञान, इतिहास. खाली ज्या निनादत राहिल्या, त्यांचा आवाज त्या वेळी कोणाला ऐकू आला नसेल. आज दूरदूरच्या गावांहून, काही परदेशांतून, माजी विद्यार्थी या मांडवात आले आहेत आणि एकमेकांना जुन्या नावांनी हाका मारीत आहेत.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर मुलाला किंवा नातवंडाला जवळ घेऊन मराठीतले एक पान मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मग त्याच्याकडून वाचून घ्यावे. तो अडखळेल. अडखळू द्यावे. स्वर सापडेपर्यंत गुरूही थांबतो.