दोनशे साडेचोवीस



२०२५ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. तालुक्याच्या गावी तो एका दुकानात हिशेब लिहितो. घरी थोडीशी जिराईत शेती आहे. पाण्याचा तांब्या बाजूला ठेवून त्याने एक शंभर पानी वही माझ्यापुढे केली आणि म्हणाला, "सर, यात चौऱ्याऐंशी पैजा लिहिल्यात. त्रेचाळीस जिंकलो, एकेचाळीस हरलो. निम्म्याहून जास्त वेळा माझंच बरोबर आलं. मग माझे पैसे कुठं गेले?"

मुलगा गणितात कच्चा नव्हता. कच्चा असता तर मला एवढे लागले नसते. शिवाय खिशात वडिलांनी बियाण्याखतासाठी दिलेले चाळीस हजार रुपये आहेत, हेही त्याने बोलता बोलता सांगितले. मी वही उघडली.

पैजा होत्या अमेरिकेतल्या बास्केटबॉलवर. तिकडे संध्याकाळी सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे पहाट असते. हा गडी थंडीत पाचला उठून, कांबळे पांघरून, मोबाईलवर ते सामने पाही आणि तिथेच पैसे लावी.

ज्यांच्या शाळेत बास्केटबॉलचे मैदान नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. हा खेळ एका मास्तरनेच काढला. १८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने बर्फाच्या दिवसांत मुलांना घरात खेळता यावे म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकायला सांगितले. आज एन. बी. ए. या धंदेवाईक संघांच्या मंडळात एका वेळी पाच विरुद्ध पाच खेळतात आणि सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. साधी टोपली झाली की दोन गुण, लांबून टाकली तर तीन, आणि दंड म्हणून मिळालेल्या मोकळ्या फेकीला एक.

आता पैज कशावर? कोण जिंकणार यावर तर ती असतेच. पण माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत संघांची नावे नुसती कोपऱ्यात होती. ठळक अक्षरात होता तो एक आकडा. दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज किती होईल, एवढाच सवाल. बुकी आधी आकडा जाहीर करतो, समजा दोनशे साडेचोवीस. तुम्ही म्हणायचे, बेरीज याच्या वर जाईल किंवा याच्या खाली राहील. हा अर्धा कशाला, असे तुम्ही विचाराल. खेळात अर्धा गुण नसतोच. बेरीज बरोबर आकड्यावर थांबून पैज बरोबरीत सुटू नये, म्हणून तो अर्धा.

दिसायला किती सोपे! वर की खाली, छापा की काटा. आणि छाप्याकाट्याहून अधिक अब्रूदार, कारण यात अभ्यास करता येतो. कोणता खेळाडू जखमी आहे, कोणता संघ काल रात्रीच खेळून दमला आहे, हे सारे माझ्या विद्यार्थ्याने नीट टिपून ठेवले होते. परीक्षेला त्याने एवढी टिपणे काढली नव्हती, असे माझ्या मनात येऊन गेले, बोललो नाही.

पण तो आकडा येतो कुठून, हे पाहा. २२ नोव्हेंबर १९५० रोजी मिनिॲपोलिसला एक सामना झाला. फोर्ट वेनच्या संघाला समोरचा उंचापुरा जॉर्ज मायकन जड जाणार होता, म्हणून त्यांनी चेंडू हाती धरून ठेवण्याचाच डाव खेळला. शेवटी गुण १९ विरुद्ध १८, दोघांची बेरीज ३७. लोक कंटाळले. मग सिराक्यूजच्या संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी एक हिशेब मांडला. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा टोपलीवर चेंडू टाकतात. भागा: चोवीस. १९५४ पासून नियम झाला की चेंडू हाती आल्यावर चोवीस सेकंदांत टोपलीकडे फेकलाच पाहिजे. त्याच्या आदल्या मोसमात एका संघाचे सरासरी गुण ७९ ते ८० होते. नव्या मोसमात ते ९३ झाले. पाचवीच्या मुलाला येणारा भागाकार, आणि खेळाचे रूप पालटले. अलीकडच्या मोसमांत ही सरासरी ११४ च्या आसपास आहे. एका संघाच्या हाती सामन्यात साधारण शंभर वेळा चेंडू येतो आणि दर वेळी एक गुणाहून थोडे जास्त पदरात पडते. दोघांचे मिळून सव्वादोनशेच्या घरात. बुकीचा आकडा इथून निघतो. मग जखमी खेळाडू, थकवा, संघाची चाल पाहून तो दोनचार गुण इकडेतिकडे सरकवतो. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने पहाटे उठून टिपलेले सारे त्या आकड्यात आधीच मुरलेले होते. त्या ज्ञानाची किंमत त्याला पुन्हा मिळणार कशी?

राहिले ते नशीब, आणि ते फार खोडकर असते. सामना संपत आला की हरणारा संघ मुद्दाम फाउल करतो, घड्याळ थांबते, मोकळ्या फेकी मिळतात आणि बेरीज भराभर चढते. कोण जिंकणार हे ठरून गेलेले असते, पण पैज त्या फेकींवर टांगलेली असते. आणखी एक गंमत पाहा. समजा वेळ संपली आणि गुण ११२–११२. बेरीज २२४, 'खाली' म्हणणारा टाळी वाजवतो. पण बरोबरी झाली म्हणजे पाच मिनिटे जादा खेळ, आणि ते गुणही बेरजेत धरतात. याची पैज तिथेच बुडाली! १३ डिसेंबर १९८३ रोजी डेन्व्हरला असेच १४५–१४५ झाले, तीनदा जादा वेळ द्यावा लागला, आणि डेट्रॉईट १८६–१८४ असे जिंकले. बेरीज ३७०, मिनिॲपोलिसच्या त्या सामन्याच्या बरोबर दसपट.

तरी हे नशीब दोन्ही बाजूंना सारखेच. मग पैसे जातात कुठे? तर बुकीच्या दरात. तिकडची चालती रीत अशी की शंभर मिळवायचे तर एकशेदहा लावायचे. एकाने 'वर' म्हणून ११० लावले, दुसऱ्याने 'खाली' म्हणून ११०. पेटीत आले २२०. जिंकणाऱ्याला त्याचे ११० आणि वर १००, मिळून २१० दिले. दहा पेटीतच राहिले. सामना कोणीही जिंको, बेरीज कितीही होवो. या दराने एकवीस पैजांत अकरा जिंकाल तेव्हा कुठे तुमचे तुम्हाला मिळतील.

आकड्यावर पैसे लावणे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना नवे नाही. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईला येत आणि त्यांच्या आकड्यांवर सट्टा चाले. कपाशीचे बोंडही न पाहिलेला माणूस कापसाच्या भावावर पगार उधळी. १९६१ साली ते भाव येणे थांबले. मग आकडे मडक्यातून काढू लागले आणि त्याचा मटका झाला. कापूस गेला, आकडा राहिला.

आणि जिथे आकडा हाच माल होतो, तिथे माल बिघडवणारेही येतात. एन. बी. ए. तला एक पंच, टिम डोनाही, २००७ साली जुगाऱ्यांना आतली माहिती पुरवण्याच्या प्रकरणात गुन्हा कबूल करून बसला; पुढच्या वर्षी त्याला पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. टोरोंटोच्या जॉन्टे पोर्टर या खेळाडूची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिकडे एकेका खेळाडूच्या आकड्यावरही 'वर-खाली' चालते. मार्च २०२४ मध्ये हा तीनेक मिनिटे खेळला आणि बरे वाटत नाही म्हणून बाहेर बसला. त्याचा आकडा खालीच राहणार हे काही जणांना आधी ठाऊक होते. एप्रिलमध्ये त्याला जन्मभर खेळातून काढले. संघ हरवायला पाच जण फितवावे लागतील. आकडा पाडायला एकाचे पोट दुखले तरी भागते. अमेरिकेत २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पैजांवरचा जुना बंदीकायदा रद्द केला आणि तीसांहून अधिक राज्यांत हा व्यवहार राजरोस झाला. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण माझा विद्यार्थी आला तो मे महिन्यात, आणि जूनमध्ये तिकडचे अंतिम सामने व्हायचे होते.

त्याचा बेत मी ओळखला. निम्म्याहून जास्त वेळा आपण बरोबर येतो, मग पैज मोठी केली की तूट भरून येईल, असे त्याच्या डोक्यात होते. मी त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर मांडले. दर पैजेला ११०० लावायचे, जिंकल्यास १००० मिळायचे. त्रेचाळीस जिंकल्या, त्रेचाळीस हजार आले. एकेचाळीस हरल्या, पंचेचाळीस हजार शंभर गेले. तूट एकवीसशे. दसपट लावले असते तर एकवीस हजार.

तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आणि सर, आणखी एक जिंकलो असतो तर? चव्वेचाळीस?"

"अरे, मांड की तूच," मी म्हणालो.

त्याने मांडले. चव्वेचाळीस हजार आले. चाळीस गुणिले अकराशे, चव्वेचाळीस हजार गेले. बाकी शून्य.

"म्हणजे थंडीभर पहाटे उठून…" एवढे म्हणून त्याने वही मिटली. चहा आला होता. तो त्याने उभ्यानेच घेतला. कृषी केंद्र सात वाजता बंद होते म्हणाला.