पंगतीतला शेवटचा पाट

नवी दिल्ली स्थानकाच्या पहिल्या फलाटाकडून बाहेर पडलेला प्रवासी रस्ता ओलांडतो आणि पहाडगंजच्या मुख्य बाजारात शिरतो. मोगल अमदानीत शाहगंज म्हणून ओळखली जाणारी ही पेठ तटबंदीच्या दिल्लीबाहेरचा धान्याचा मोठा बाजार होती. रायसीना टेकडीच्या सान्निध्यामुळे तिला पहाडगंज हे नाव पडले, असे सांगतात. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी येथे दुकाने थाटली. १९७० च्या सुमारास परदेशी भटक्या तरुणांचे तांडे येऊ लागले आणि जुन्या घरांच्या वरच्या मजल्यांवर स्वस्त लॉजे निघाली. मराठी माणसालाही ही वस्ती परकी नाही. बृहन्महाराष्ट्र भवन येथेच आहे, नूतन मराठी शाळा येथेच आहे. कामासाठी राजधानीत आलेला कित्येक मराठी प्रवासी आपली पहिली रात्र याच भागात काढतो.

या बाजारात मान वर करून पाहिले तर पाट्यांची दाटी दिसते. एक पाटी दुसरीला झाकते, तिसरी दोघींच्याही पुढे आडवी येते आणि चौथीवरचे अर्धे नाव विजेच्या तारांआड गेलेले असते. परंतु त्याच प्रवाशाने खिशातला मोबाइल काढून खोली शोधावयास घेतली, की तीच लॉजे एकाएकी शिस्तीने उभी राहतात. एका ओळीत तीन किंवा चार चौकटी, तिच्याखाली पुन्हा तितक्याच. प्रत्येक चौकटीत वर छायाचित्र, मध्ये नाव, खाली भाडे. गल्लीतला सारा गलबला जणू कोणी झाडून नेलेला असतो. ही शिस्त कोण लावतो, ती कशी लागते आणि लावताना कोणाचा पाट चुकतो, याचा विचार करण्यासारखा आहे.

संकेतस्थळावरील असे पान कोणी एकेक चौकट हाताने रेखून तयार करीत नाही. लॉजांची नावे, भाडी आणि छायाचित्रे संगणकाच्या कोठारात साठविलेली असतात. पानासाठी फक्त एक साचा लिहितात. छापखान्यात निमंत्रणपत्रिका जुळविताना नावापुरती जागा रिकामी ठेवीत, तसेच हे असते. साच्यात चौकट एकदाच लिहिलेली असते आणि तिच्या आधी आज्ञा असते, की संग्रहातील प्रत्येक वस्तूसाठी ही चौकट पुन्हा काढावी. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील वृत्तपत्राच्या कचेरीत संकेतस्थळाचे काम पाहणाऱ्या तरुणांनी घडविलेली जॅंगो ही व्यवस्था २००५ साली सर्वांना खुली झाली. तिच्यातील साच्यांची रीत अशीच आहे. रोज नव्या बातम्या येणार, त्यांची संख्या आधी ठाऊक नसणार, आणि तरीही पान व्यवस्थित दिसले पाहिजे, ही वृत्तपत्राची गरज त्या रीतीच्या मुळाशी होती.

चौकटी एकाखाली एक लावावयाच्या असतील तर काम सोपे असते. अडचण येते ती त्यांच्या ओळी पाडताना. येथे घरच्या पंगतीचा दाखला उपयोगी पडावा. यजमानाने ठरविले, की एका ओळीत तीन पाट मांडावयाचे. मांडणाऱ्या मुलाला त्याने सांगितले, “पहिल्या पाटापूर्वी ओळ सुरू कर, तिसरा पाट मांडून झाला की ओळ बंद कर आणि मग नवी सुरू कर.” पाहुणे नऊ आले तर तीन ओळी भरतात, पण मुलगा शब्दाला पक्का असल्यामुळे तो चौथी ओळही सुरू करतो आणि तिच्यात कोणीच बसत नाही. पाहुणे दहा आले तर गोष्ट आणखी बिघडते. दहावा पाहुणा चौथ्या ओळीत एकटा बसतो. ओळ बंद करण्याची आज्ञा तिसऱ्या पाटाला बांधलेली, आणि तो तिसरा पाट कधी मांडलाच जात नाही. ओळ उघडीच राहते.

घरातल्या पंगतीत याने काही बिघडत नाही. वेबपानात मात्र उघडी राहिलेली ओळ खालचे सर्व काही आपल्या पोटात घेते. पानाच्या तळाशी असलेला पत्ता, दूरध्वनी क्रमांक, तक्रारीची जागा हे सारे त्या दहाव्या लॉजाशेजारी एका अरुंद रकान्यात कोंबले जाते. ब्राउझर तक्रार करीत नाही. चूक निमूटपणे सांभाळून घेऊन तो सुचेल तशी मांडणी करतो. साचा लिहिणाऱ्याने नऊ वस्तू किंवा बारा वस्तू घेऊन काम तपासलेले असते, म्हणून दोष त्याच्या नजरेस पडत नाही. दहावे लॉज नोंदविले जाते त्या दिवशी पान मोडते, आणि दोष त्या नव्या लॉजाचा आहे असे वाटू लागते.

यावरचा उपाय गणितात आहे. प्रत्येक वस्तूचा क्रमांक तिनाने भागून बाकी पाहावी. भाग पूर्ण गेला किंवा वस्तू शेवटची असली, की ओळ बंद करावी. अथवा वस्तूंचे आधीच तिनातिनांचे गट पाडून प्रत्येक गटाला एक ओळ द्यावी. काही साच्यांत असे गट पाडण्याची आणि शेवटच्या गटातील उणीव रिकाम्या चौकटींनी भरून काढण्याची सोय तयारच असते. यातले तत्त्व एवढेच, की बाकीचा विचार आरंभीच झाला पाहिजे. प्रत्यक्ष व्यवहारात संग्रह क्वचितच नेमका भागला जातो.

ओळी पाडण्याच्या या कलेलाही थोडा इतिहास आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली ती शास्त्रज्ञांचे लेख एकमेकांना जोडण्यासाठी. पुढे तिच्यात आकडेवारीसाठी तक्ता आला आणि लोकांनी त्या तक्त्याच्या घरांत चित्रे, जाहिराती व दुकानातला माल भरावयास सुरुवात केली. त्यानंतर वस्तू डावीकडे तरंगत ठेवण्याची युक्ती निघाली. तिच्यात निराळाच पेच होता. एखाद्या लॉजाचे नाव दोन ओळींचे झाले, की त्याची चौकट उंच होई आणि खालच्या ओळीतली चौकट तिला अडखळून भलत्याच जागी थांबे. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रा आणि जोडाक्षरे असतात, त्यामुळे अक्षरांच्या ओळीला उंची अधिक लागते. इंग्रजी नावे धरून आखलेल्या चौकटीत मराठी किंवा हिंदी नाव अपुरे पडते, ते अशा वेळी.

२०११ साली मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन या ट्विटरमधील दोघांनी बूटस्ट्रॅप नावाचे साहित्य सर्वांसाठी खुले केले. त्याच्या पुढच्या आवृत्तीत पानाची रुंदी बारा भागांत विभागली गेली. बाराच का, हे मंडईतल्या केळीवाल्याला सांगावे लागणार नाही. डझनाचे दोन, तीन, चार किंवा सहा सारखे वाटे पडतात. दहाचे दोन आणि पाच एवढेच. म्हणून मोठ्या पडद्यावर चार चौकटींची ओळ, मध्यम पडद्यावर तीन किंवा दोन, आणि मोबाइलवर एकच चौकट पूर्ण रुंदीची, अशी योजना एकाच आखणीत बसते. २०१७ साली प्रमुख ब्राउझरांनी चौकटींच्या मांडणीची स्वतंत्र सोय उपलब्ध करून दिली, तिला ग्रिड म्हणतात. तिच्यामुळे साच्याने ओळी पाडण्याचीच गरज उरली नाही. साच्याने वस्तू फक्त क्रमाने द्याव्यात आणि रकाना निदान अमुक रुंद असावा एवढे सांगावे. एका ओळीत किती मावतात ते पडदाच ठरवितो. यजमानाने पाटांचा आकडा न सांगता माजघराची रुंदी पाहून मांडावयास सांगितले, तर होते तसे हे होय.

तरीही शेवटच्या पाटाचा प्रश्न संपत नाही. मांडणीच्या काही रीतींत ओळीतली उरलेली जागा वस्तूंना वाटून टाकतात. मग शेवटच्या ओळीत एकटे राहिलेले लॉज सबंध पानभर पसरते. जिन्याखालची दोन खोल्यांची जागा एखाद्या राजवाड्यासारखी दिसू लागते, आणि तेही केवळ ती दहावी होती म्हणून. उलट वस्तूला तिचा रकाना देऊन बाजूची जागा रिकामी ठेवली, तर पान किंचित अपुरे दिसते. परंतु पाहणाऱ्याची फसगत होत नाही. शोभेसाठी खोटे मोठेपण देण्यापेक्षा रिकामी जागा बरी. आणि संग्रहात काहीच नसेल तर तेही सांगावयास हवे. जॅंगोच्या साच्यात त्यासाठी वेगळी आज्ञा आहे. रात्री साडेअकराला गाडीतून उतरलेल्या माणसाला कोरा पडदा दिसला, तर तो पान उघडण्याची वाट पाहत उभा राहतो. “खोली शिल्लक नाही” एवढे तीन शब्द दिसले, तर तो दुसरीकडे वळतो.

डोळ्यांना जी ओळ दिसते ती कानांना ऐकू येत नाही, ही गोष्ट आकाशवाणीच्या श्रोत्याला सहज पटेल. भाषणात रकाने नसतात. एकामागून एक शब्द येतो, इतकेच. अंध प्रवासी मोबाइलचा उपयोग असाच करतो. यंत्र त्याला पान वाचून दाखविते आणि साच्यात वस्तू ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने वाचते. पडद्यावर रंगसंगतीसाठी एखादी चौकट पुढे ओढली, तरी त्याच्या कानी ती जुन्याच जागी येते. दिसणारा क्रम आणि ऐकू येणारा क्रम यांची अशी फारकत झाली, की शेजारी बसलेल्या दोघांना दोन वेगळी पाने भेटतात. मांडणीसाठी तक्ता वापरला असेल, तर यंत्र प्रत्येक वेळी ओळींची आणि रकान्यांची संख्याही घोकत बसू शकते. तेच साध्या यादीच्या रूपाने दिले, तर ते आरंभी “दहा नोंदींची यादी” असे सांगते आणि ऐकणाऱ्याला अंदाज येतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या वेबच्या सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत अर्थपूर्ण क्रमाचा आग्रह धरला आहे, तो यासाठीच.

क्रमाची गोष्ट निघाली की पंगतीचा दाखला अधिकच बोचतो. मराठीत पंक्तिप्रपंच असा एक शब्द आहे. एकाच ओळीत बसलेल्यांपैकी कोणाला साजूक तूप आणि कोणाला नुसता भात वाढणाऱ्या यजमानाला या शब्दाने नावे ठेवतात. पडद्यावरील चौकटी सारख्या आकाराच्या असतात, त्यांच्यातील अक्षरेही सारखी असतात. म्हणून पाहणाऱ्याला वाटते, की येथे भेदभाव नाही. वस्तुतः भेद ओळीत नसून क्रमात असतो. थकलेला प्रवासी पहिल्या दोन-तीन ओळी पाहतो आणि तेथेच निर्णय घेतो. बाराव्या ओळीतल्या लॉजाची गादी तितकीच स्वच्छ आणि भाडे त्याहून कमी असले, तरी तेथवर त्याचे बोट पोहोचत नाही. मुख्य बाजाराच्या आतल्या गल्लीत चार खोल्यांवर संसार चालविणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ओळीचा क्रमांक हा चुलीचा प्रश्न असतो.

कोणाला वर बसवावयाचे, हे कोणीतरी ठरवीतच असते. कधी भाडे पाहून, कधी ग्राहकांनी दिलेले गुण पाहून, तर कधी अधिक दलाली देणाऱ्याला अग्रपूजेचा मान देऊन. हिंदुस्थान सरकारने जुलै २०२० मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली इलेक्ट्रॉनिक व्यापाराचे नियम जारी केले. विक्रेत्यांना एकत्र आणणाऱ्या संकेतस्थळाने माल किंवा विक्रेते यांचा क्रम मुख्यतः कोणत्या कसोट्यांवर लावला जातो, आणि त्या कसोट्यांचे परस्परांत किती महत्त्व आहे, ते साध्या भाषेत सर्वांना दिसेल असे लिहून ठेवावे, अशी त्यांत तरतूद आहे. पंक्तिप्रपंच त्यामुळे थांबतोच असे नाही. पण तूप कोणत्या हिशेबाने वाढले जाते, हे विचारण्याचा आधार ग्राहकाला मिळतो.

साचा लिहिणारा बहुधा पहाडगंजात कधी पाऊलही टाकत नाही. त्याच्यापुढे फक्त एक संग्रह असतो. तरी त्याने काम पुरे म्हणण्यापूर्वी चार प्रयोग करून पाहावेत. संग्रहात काही नसताना पान काय सांगते, एकच वस्तू असताना ती कशी दिसते, दहावी वस्तू आल्यावर ओळ नीट मिटते काय, आणि डोळे झाकून ऐकले तर क्रम लागतो काय. आपल्याकडे चांगला यजमान सगळ्या पंगती उठल्यावर स्वयंपाकघरात जाऊन विचारी, “कोणी जेवायचे राहिले का?” मोबाइल हातात घेऊन पहाडगंजच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रवाशासाठी, आणि आतल्या गल्लीत दिवा लावून त्याची वाट पाहणाऱ्या लॉजवाल्यासाठी, तोच प्रश्न साचा लिहिणाऱ्याने विचारला पाहिजे.