विहिरीवरची मोटार बंद पडते तेव्हा



ऊस तहानलेला आहे, विहिरीत पाणी आहे, तारेत वीजही आली आहे. आणि हिरवं बटण दाबलं तर मोटार चालत नाही. अशा वेळी आपण काय करतो? पुन्हा बटण दाबतो. तरीही चालली नाही की आणखी एकदा, जरा जोरानं. पुष्कळ मोटारी जळतात त्या नेमक्या ह्याच दोन-चार मिनिटांत. किरकोळ बिघाडाचं काम मग रिवाइंडिंगच्या खर्चावर जातं. कधी तर घाईघाईत, ओल्या हातानं स्टार्टरचं झाकण उघडलं जातं आणि घरचा कर्ता माणूस दगावतो. म्हणून आज एवढंच सांगायचं आहे की, बंद पडलेलं यंत्र मुकं नसतं. ते काय म्हणतं ते आधी ऐकावं, मग हात लावावा.

मोटारीचं म्हणणं तीन प्रकारचं असतं. एक, ती अगदी गप्प राहते. दोन, ती नुसती घुमते, पण फिरत नाही. तीन, ती फिरते, पण पाणी येत नाही. ह्या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की निम्मं काम झालं.

मोटार गप्प असेल तर वीज तिच्यापर्यंत पोचतच नाही, असं समजा. शोध नेहमी विजेच्या उगमाकडून मोटारीकडे करावा. शेजारच्या विहिरीवरची मोटार चालू आहे का? तीही बंद असेल तर बिघाड आपला नव्हे, स्वस्थ बसावं. खोपटातला दिवा लागला म्हणजे वीज आली, हे मात्र अर्धंच खरं. दिव्याला एक फेज पुरते, मोटारीला तिन्ही लागतात. काही स्टार्टरांत एखादी फेज नसली तर मोटार सुरूच होऊ न देणारी सोय असते. तिला खोडी समजून वायरी परस्पर जोडू नका. ती तुमच्या मोटारीची राखण करते आहे.

स्टार्टरमध्ये आणखी एक राखणदार असतो, ओव्हरलोड रिले. त्याच्या एका जातीत दोन धातूंची एकमेकींना जोडलेली पट्टी असते. मोटारीनं जादा वीज ओढली की पट्टी तापते, वाकते आणि प्रवाह तोडते. पाच-दहा मिनिटं तिला निवू द्या. मग लाल बटण दाबून एकदाच पुन्हा सुरू करून पाहा. परत तुटली तर कारण दुसरीकडे आहे. रिलेचा आकडा वाढवणं, बटण दोरीनं बांधून ठेवणं किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणं, म्हणजे चोर आला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्यालाच डांबून ठेवणं होय.

आता दुसरी तऱ्हा. मोटार घुमते, पण फिरत नाही. ही सर्वांत धोक्याची. एक-दोन सेकंदांत लाल बटण दाबाच. बहुधा एक फेज गेलेली असते. असं का होतं? घरातलं जातं आठवा. खुंटा गोल फिरवला तर जातं फिरतं. पण नुसतं सरळ रेषेत पुढं-मागं ढकललं, आणि खुंटा त्याच रेषेत आडला, तर जातं थरथरेल, फिरणार नाही. तिन्ही फेज मिळून मोटारीत फिरतं चुंबकीय बळ तयार होतं. १८८९ साली डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की ह्या तंत्रज्ञानं तीन फेजची मोटार बनवली ती ह्याच तत्त्वावर. एक फेज गेली की ते बळ फिरत नाही, नुसतं पुढं-मागं होतं. चालत्या जात्याप्रमाणे चालती मोटार मात्र तशीच फिरत राहते, पण उरलेल्या तारांतून सुमारे पावणेदोनपट प्रवाह ओढते, आणि राखणदार नसेल तर थोड्या वेळात जळते.

इथं एक फसगत होते. मोटार जोडलेली असताना गेलेल्या फेजवरही टेस्टर पेटतो, कारण वीज मोटारीच्या वेढ्यांतून उलटी येते. तेव्हा टेस्टर तिन्हीकडे पेटला म्हणून निर्धास्त होऊ नका. वायरमनकडून मीटरनं तपासून घ्या.

फेज ठीक असतील तर दाब पाहावा. दाब शंभराचा ऐंशी झाला तर मोटारीचा जोर ऐंशी राहत नाही, चौसष्टच राहतो. वीज आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की हेच होतं. शेजाऱ्यांनी पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं सुरू केल्या तर सगळ्यांचंच भलं. शेवटी, मेन स्विच पाडून, फ्यूज काढून खिशात ठेवून, काठावरच्या पंपाचा दांडा हातानं फिरवून पाहावा. जड लागला तर वाळू, बेअरिंग किंवा फार आवळलेला ग्लँड, ह्यांपैकी काहीतरी आहे.

तिसरी तऱ्हा, मोटार फिरते पण पाणी नाही. इथं विजेला दोष देऊ नये. फुटव्हॉल्व्ह गळत असेल, पाइपाच्या सांध्यातून हवा शिरत असेल. डीपीवर नुकतंच काम झालं असेल तर फेजची अदलाबदल होऊन पंप उलटा फिरत असेल. पंपावर बाणाची खूण असेल तर ती पाहा. आणि वैशाखात पाणी खोल गेलं असेल, तर पंप काय करणार? पाणी पंप ओढत नाही, बाहेरची हवा ते वर ढकलते. हवेला असं वजन आहे, हे टॉरिसेलीनं १६४४ साली पत्रातून मांडलं. हवा पाण्याला फार तर दहा मीटर उचलते. व्यवहारात सहा-सात मीटरच धरा. तेव्हा पंपच खाली उतरवायला हवा.

शिक्षक मित्रांना एक सांगणं. हा धडा वर्गात मुलांना द्या, पण यंत्राला हात न लावू देता. फळ्यावर तीन रकाने आखा: गप्प, घुमते, फिरते. कारणं मुलांनाच शोधू द्या. एका प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही, ही शिस्त मोटारीपुरती नाही. वैद्यालाही तीच लागते आणि हिशेबनिसालाही.

आणि जाता जाता, जिवाच्या गोष्टी. डीपीला आपण हात लावायचा नाही. ते वीजमंडळींचं काम. रात्रीच्या पाळीला एकट्यानं पेटी उघडू नये. ऑटो स्विच लावलेला असेल तर वीज येताच मोटार आपोआप सुरू होते, हे विसरू नये. कोणी विजेला चिकटलाच तर त्याला धरू नका. आधी स्विच पाडा, नाहीतर कोरड्या लाकडानं त्याला दूर लोटा.

पाणी एक दिवस उशिरा मिळालं तर ऊस तग धरतो. म्हणून घाई करू नका.