पहिलं पॉलिशचं मशीन घेताना



गटाचा धंदा म्हटला की पापड, शेवया, शेळ्या नाहीतर शिलाई मशीन, असं ठरूनच गेलंय. आमच्या गटातल्या चौघी मात्र सोमेश्वरनगरला गाड्या धुतात. गळीत हंगाम सुरू झाला की नीरा-बारामती रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीवर धुळीचा थर बसतो. मालक काय करतात, तर कोरड्या फडक्याने ती धूळ पुसतात. फडक्याखाली धुळीचे कण घासले जातात आणि रंगावर बारीक चरे पडतात. सावलीत ते दिसत नाहीत. उन्हात गाडी उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल दिसतात. त्यात बोअरच्या क्षारवट पाण्याचे पांढरे डाग. हे धुऊन जात नाही, त्याला पॉलिश लागतं. गिऱ्हाईक विचारायला लागलं आणि आम्ही मशीन घ्यायचं ठरवलं.

पैसा गटाच्या बचतीतला, अंतर्गत कर्जाने घेतलेला. म्हणजे एखादीच्या मुलीच्या फीसाठी पडून असलेले पैसे आम्ही मशीनला लावणार होतो. त्यामुळे दोन बैठका नुसत्या याच विषयावर गेल्या.

दुकानात गेलात तर तुम्हाला आधी रोटरी मशीन दाखवतील. स्वस्त असतं आणि काम पटापट करतं. गॅरेजमध्ये काम करणारे आमच्यातल्या एकीचे मिस्टरही तेच म्हणत होते. त्यांचं खोटं नव्हतं, त्यांचा हात बसलेला आहे. पण आपला हात बसलेला नाही, आणि गाडी दुसऱ्याची आहे.

फरक समजून घ्या. रोटरी म्हणजे जातं. मधल्या खुंट्याभोवती एकाच दिशेने गरागरा फिरणार. एका जागी दोन क्षण जास्त थांबलं की तिथेच उष्णता साचते. दुसऱ्या प्रकाराला ड्युअल अ‍ॅक्शन म्हणतात, दुकानात नुसतं डीए म्हटलं तरी कळतं. आपण जमीन सारवताना हात कसा लहान लहान गोल फिरवत पुढे सरकतो, तसं त्याचं पॅड झोके घेत फिरतं. उष्णता पसरते. बहुतेक डीए मशीनमध्ये तर जास्त जोर दिला की पॅडचं फिरणंच थांबतं, त्यामुळे रंग जळायची भीती खूप कमी होते.

रंग जळतो म्हणजे काय? हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. झेरॉक्सचा कागद साधारण 100 मायक्रॉन जाड असतो. हा थर बहुधा त्याच्या निम्म्याएवढाही नसतो. पॉलिश करणं म्हणजे त्यातलाच अगदी पातळ पापुद्रा घासून काढणं. दारांच्या कडा, बॉनेटची धार, तिथे तो आणखी पातळ. रोटरी तिथे घसरलं की खालचा रंग उघडा पडतो, मग पूर्ण भाग रंगवून द्यावा लागतो. चार महिन्यांची बचत एका दुपारी जाते.

म्हणून आम्ही डीए घेतलं. मशीनचा झोका किती, तेही विचारा. 8 मिलिमीटरपासून 21 मिलिमीटरपर्यंत मिळतात. 21 वालं मोठ्या सपाट छतावर भराभर चालतं, पण आरशाच्या आसपास अडचणीचं होतं. पहिल्या मशीनला 15 च्या आसपासचं आणि 5 इंची प्लेटचं बरं. हातात धरून बघा, आणि दुकानदाराला म्हणा, चालू करून द्या. खांद्याच्या उंचीवर पाच मिनिटं धरवत नसेल तर ते मशीन तुमचं नाही, कितीही नावाजलेलं असो. वेग कमी-जास्त करायची चकती हवीच. प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली की पॅड फिरतंय, थांबली की जोर जास्त झाला.

सगळे पैसे मशीनवर घालू नका. पॅड घाणीने आणि पॉलिशने भरतात, एका गाडीला चार-पाच तरी लागतात. मऊ मायक्रोफायबरची फडकी, कडांना लावायची कागदी चिकटपट्टी, जाड वायरचं अर्थिंगवालं एक्स्टेन्शन, चष्मा आणि मास्क, हे सगळं त्याच हिशेबात धरा. आणि बायांनो, ओढणी, मोकळे केस, लांब मंगळसूत्र फिरत्या मशीनजवळ नको. आम्ही चौघी वरून शर्ट घालतो आणि केस बांधतो. लोक हसले, आठ दिवसांनी हसायचे थांबले.

गाडी आली की आधी धुवा, मग दीड फुटाचा एक चौकोन पट्टीने आखा आणि सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश तिथे वापरून बघा. तेवढ्याने भागलं तर पुढे जायचं कारण नाही. चऱ्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो चरा खोल आहे, पॉलिशने जाणार नाही, तसं मालकाला तोंडावर सांगा. आम्ही एक-दोन गाड्या अशा परत पाठवल्या. त्याच मालकांनी पुढे दुसरी गिऱ्हाइकं आणली. जुन्या पद्मिनीसारख्या गाडीवर पारदर्शक थर नसतो, फडक्याला थेट गाडीचा रंग लागतो. तसं दिसलं तर घाबरू नका, पण अगदी हलक्या हाताने करा.

आणि हो, पहिली गाडी गिऱ्हाइकाची नको. भंगारवाल्याकडून जुनं बॉनेट आणा. आमचं शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलंय, अर्धं चकचकीत, अर्धं मळकं. नवी मुलगी आली की आधी त्यावरच हात बसवते. कुणाला बघायला यायचं असेल तर या. फक्त मंगळवारी नको, मंगळवारी गटाची बैठक असते.