घरच्या घरीं मोटारीची बॅटरी

तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें. पण त्याच्या शेजारीं बोईसर-पालघरला पावसाळ्यांत एखाद्या सकाळीं मोटार सुरू होत नाहीं, तेव्हां हवी असते ती अवघी १२ व्होल्टची वीज. मालक रोज लोकल गाडीनें मुंबईस जातो, मोटार आठवडेच्या आठवडे उभी राहते आणि बॅटरी आपोआप उतरत जाते.

ती घरीं भरतां येते. मात्र धोका कोठें आहे तें आधीं जाणावें. भरतांना बॅटरींतील पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजन वायु निघतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ झालें कीं एक ठिणगी पुरे. स्फोट होऊन गंधकाम्ल उडतें. झड येते म्हणून पडवीचीं दारेंखिडक्या लावून घेण्याचा मोह होतो, तोच घातक. जागा कोरडी पण वाहत्या हवेची असावी. जवळ देवाचा दिवाहि नको.

चष्मा घालावा. चार्जर बंद असतांनाच प्रथम धन चिमटा धन अग्रास, मग ऋण चिमटा बॅटरीपासून दूर, मोटारीच्या उघड्या धातूस लावावा. नंतर वीज सोडावी. काढतांना आधीं वीज बंद, मग ऋण, शेवटीं धन. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस ३.५ अँपिअरचा प्रवाह पुरे. घाई करूं नये. भरून कांहीं तास विसावल्यावर १२.६ व्होल्ट दिसले, कीं काम झालें.

अम्ल डोळ्यांत गेलेंच तर तत्काळ भरपूर पाण्यानें धूत राहावें व डॉक्टरांकडे जावें. बॅटरी बाजारांत नवी मिळते. डोळे मिळत नाहींत.