रुग्णाच्या शब्दाचे मोल

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे शंकर गुहा नियोगी यांच्या कामगार संघटनेची एक कार्यकर्ती १९७९ साली बाळंतपणात दगावली. त्या आघाताने जागे झालेल्या खाणकामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून दवाखाना बांधला. १९७७ च्या पोलीस गोळीबारात बळी पडलेल्या सोबत्यांच्या स्मृत्यर्थ ३ जून १९८३ रोजी सुरू झालेले ते ‘शहीद अस्पताल’. तेथील कारभाराचे निर्णय डॉक्टर व कामगार एकत्र बसून घेत.

इतरत्र रुग्णांचे सल्लागार मंडळ स्थापताना हे स्मरावे. बैठकांच्या संख्येवरून मंडळाचे मूल्यमापन होत नाही. रुग्णाच्या शब्दाने कोणता निर्णय बदलला, हीच त्याची खरी कसोटी होय.